साहेबांच्या हातात स्कॅनर

अंजूरच्या गोडाऊनमध्ये मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा कुठला माल कुठे आहे हे कॉम्प्युटरला नाही, मावशींना विचारावं लागायचं. साबण, शांपू, केसांचं तेल असा माल तिथून दुकानांना जायचा. ऑर्डरचा कागद घेऊन रॅकवरून माल काढणाऱ्या सात बायका होत्या. मावशी त्यांच्यात सगळ्यात जुन्या. गोडाऊनच्या जागी पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. जमिनीचा व्यवहार घरच्या पुरुषांनी केला; त्या व्यवहारात मावशींनी स्वतःसाठी नोकरी मागून घेतली.

मग स्कॅनर आले. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर धरायचे, बीप वाजला की नोंद झाली, आणि पडद्यावर पुढच्या रॅकचा नंबर. मावशी चौथी शिकलेल्या. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे गिरवत त्यांनी आठवड्यात ते आपलंसं केलं आणि बाकीच्यांनाही शिकवलं. इतक्या वर्षांचं त्यांच्या डोक्यातलं आता कोणाला लागणार नाही, याचं मलाच वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, "बरं हाय की गो. नव्या बाईलापन माल सापडंल."

पण स्कॅनर वेळही मोजायचा. दोन बीपांमध्ये जास्त वेळ गेला की माझ्या पडद्यावर त्या बाईची ओळ लाल व्हायची. महिनाअखेरीला मॅनेजर साहेब म्हणाले, "सबसे नीचेवाला नाम निकाल के दो." मी यादी टाइप करून दिली. सगळ्यात खाली नारपोलीहून येणारी एक बाई होती, गुडघे दुखणारी. तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी मान खाली घालून पुढच्या ऑर्डरी टाइप करत राहिले.

पुढच्या महिन्यात सगळ्यात खाली मावशी होत्या.

तो कागद घेऊन मी साहेबांच्या केबिनकडे न जाता रॅकांमध्ये शिरले. मावशींना सगळं समजावून सांगितलं. मागची यादीही मीच केली होती, हेही सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कोन टाइप करनार? चल आता."

त्या सरळ केबिनमध्ये गेल्या. मला वाटलं, विनवण्या करतील नाहीतर भांडतील. त्यांनी आपला स्कॅनर टेबलावर ठेवला आणि हिंदीत म्हणाल्या, "साहेब, आज खाने की छुट्टी तक मेरा काम आप करो. मैं पीछे चलती."

मॅनेजर तरुण होते, मनाने वाईट नव्हते. हसले, बाह्या दुमडल्या आणि निघाले.

तेलाची जड खोकी सगळ्यात वरच्या फळीवर होती. शिडी लावा, चढा, उतरा. बाकीच्या बायकांना झेपत नाहीत म्हणून ती कामं मावशी स्वतःकडे घ्यायच्या, हे मलाही त्या दिवशी कळलं. एका खोक्याशी त्यांनी साहेबांना थांबवलं. "ये मत भेजो. नीचे गीला है." उघडलं तर दोन बाटल्या गळत होत्या. त्या काढायच्या, बाकीच्या पुसायच्या, खोकं नव्याने बांधायचं. यातल्या कशालाच बीप नव्हता. मध्ये साहेबांना संडासला जायचं होतं. मावशी म्हणाल्या, "ऑफिसवाला नहीं, साहेब. हमारावाला." बायकांचा संडास दुसऱ्या शेडच्या मागे, गेटजवळ होता. ते तेवढं चालत गेले आणि परत आले.

जेवणाच्या वेळी घामाने भिजलेले साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. मावशींच्या नावासमोरची सकाळची ओळ जवळजवळ सगळी लाल होती.

"पूरा लाल है," ते हळूच म्हणाले.

आता मावशी आपल्या नोकरीचं बोलतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "वो नारपोलीवाली को वापस बुलाओ."

साहेबांनी कंपनीच्या मुख्य ऑफिसला पत्र लिहिलं. मीच ते टाइप केलं, आणि या वेळी माझ्याकडून दोन वाक्यं घातली. मागितलेलं सगळं काही मिळालं नाही. नवा संडास मी नोकरी सोडेपर्यंत झाला नाही, आणि वेळ मोजणंही थांबलं नाही. पण गळका माल तपासल्याची नोंद करायची सोय स्कॅनरमध्ये झाली, जड खोकी वाटून द्यायची ठरली, आणि लाल ओळीवरून कोणाला काढायचं नाही असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

नारपोलीची बाई परत आली, पण रॅकवर नाही, टेबलाशी बसून स्टिकर लावायच्या कामावर. पहिल्या दिवशी ती संकोचून टेबलाशी उभीच राहिली. मावशींनी कुठूनसं एक स्टूल आणलं होतं. त्याची उंची तिच्या गुडघ्यांना जमेना, म्हणून त्या खाली बसून स्टुलाच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत होत्या. शेवटी मान वर करून ओरडल्या, "बस ना गो! माझं काम पडलंय तिकडं."