मोरीच्या पिल्लांचे मेंदू

मी पुण्यात मेंदूवर पीएचडी करत होते. पिल्लाचा मेंदू घडत असतो तेव्हा काही पेशी त्यात झाडलोट करत फिरतात, मेलेल्या पेशी गिळतात, रोगजंतू दिसला की अंगावर धावून जातात. या पेशी मेंदूत पहिल्यांदा येतात कधी, ते मला मोरीच्या पोटातल्या पिल्लांत बघायचं होतं. मोरी म्हणजे आमच्याकडचा छोटा शार्क. सरांनी बजावलं होतं, या सुट्टीत पिल्लं मिळाली नाहीत तर ते प्रकरण प्रबंधातून गेलं. मी छाती ठोकून म्हणाले, "सर, माझ्या बाबांची होडी आहे!"

मी मालवणात उतरल्याचं मोऱ्यांना कुणीतरी कळवलं असावं. दोन आठवडे नुसते बांगडे. शेवटच्या दिवशी मात्र बाबांनी पोट फुगलेली मोरी आणून माझ्यासमोर ठेवली. मला नाचावंसं वाटलं. मोरी बर्फाच्या पेटीत ठेवली, फॉर्मेलिनच्या बाटल्या पडवीत मांडल्या आणि आधी सरांना फुशारकी मारायला एसटीडी बूथवर पळाले.

बूथवरच्या रांगेत तास गेला. परत येते तो पेटी रिकामी. आई बाजारात न्यायची मासळीची पाटी भरत होती.

"आये, मोरी खंय गेली?"

"शेजारच्या बाळंतिणीक धाडलंय. चार दिस दूध नाय तिका."

"अगो, ती माका पुण्याक न्हेवची होती!"

"गावली काय पयली बाळंतिणीक, ह्यां तुका सांगूक होया? तुजो मेंदू पुढच्या वर्साक गावतलो. तां पोर वर्सभर थांबतला?"

मोरीने दूध येतं यावर आमच्या किनाऱ्याचा पक्का विश्वास. पण माझं डोकं फिरलं होतं. पडवीत बाटल्यांशेजारी ठेवलेली चिमटा-सुरी उचलून मी शेजारी घुसले. तिथे मोरीचं कालवण झालं होतं.

"पिल्लां?" मी ओरडलेच.

"घातलंय ना!" बाळंतिणीच्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "तीच तर कवळी."

बाळंतीण माझी लहानपणची मैत्रीण. माझा अवतार बघून ती ओशाळली. "माका ठावक नव्हता गो. वायच उरला हा, वाढू?"

मांडीवरचं बाळ रडून रडून लाल झालं होतं. ते रडणं चार दिवस भिंतीपलीकडून माझ्या कानावर येत होतं आणि मी कानात कापूस घालून मेंदूच्या वाढीवरचे निबंध वाचत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी सुरी पदराआड लपवली आणि मुकाट्याने पानावर बसले.

प्रबंध एका प्रकरणाने बारीक झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलंच, "मोरीचं काम ठरलं होतं ना? त्याचं काय झालं?"

"नमुना दुसऱ्या एका वाढत्या मेंदूसाठी वापरावा लागला, सर."

"अस्सं. मग, निष्कर्ष?"

"बाळाने बाळसं धरलं," मी म्हणाले.