टाळ न धरणारे अपक्ष

आमच्या मंगळवारच्या भजनात सगळ्यांच्या हाती टाळ असत, फक्त अपक्षांच्या हाती नसत. देवळातल्या खांबाला टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान जराशी डावीकडे झुकवून ते बसत आणि ऐकत. धृपद आलं की सगळा मांडव मागे धरायचा, हे गृहस्थ ओठसुद्धा हलवत नसत. कुणी टाळ पुढे केलेच तर म्हणत, "सगळेच वाजवून राहिले तर ऐकन कोण?" मी मुख्य गाणारा. माझ्यासमोर एक माणूस नुसता ऐकत बसतो आणि बाकीचे टाळकरी त्याच्या तोंडाकडे बघून भजन कसं झालं ते ठरवतात, हे मला कधीच सहन झालं नाही.

अपक्ष हे नाव त्यांना निवडणुकीनं दिलं. नोकरीभर त्यांनी आमच्या सौंसर गावच्या पोरांना विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नगरपालिकेला उभे राहिले, कुठल्याही पक्षाशिवाय. निशाणी मिळाली कपबशी. दारोदार जाऊन सांगत, "बाकीच्यांचंही ऐका. त्यांचं पटलं तर त्यांना द्या." लोकांनी त्यांचं म्हणणं मानलं आणि बाकीच्यांना मतं दिली. खुद्द काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दुसऱ्याच उमेदवाराला मत दिलं, कारण त्यानं घरासमोरची नाली बांधून द्यायचं कबूल केलं होतं. हे आम्हाला कळलं तेही अपक्षांकडूनच. पानठेल्यावर उभे राहून, पोरगी पहिली आल्यासारख्या चेहऱ्यानं ते सांगत होते, "आमच्या घरात दोन मतं आहेत बाप्पा. तुमच्या घरात किती, बाबूजी?"

मी तहसिलीत बाबू होतो, म्हणून बाबूजी. मी हसून वेळ मारून नेली. आमच्या घरची सगळी मतं मी सांगतो तिथेच पडतात, याचा मला तोवर अभिमान होता. त्या दिवशी घरी येऊन सुमनला, माझ्या बायकोला, विचारलं की तुला खरं कोण पसंत होता. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्हीच तं सांगतलं होतं ना." हरलेल्या माणसाचा हेवा वाटावा, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"हे तुमचं आहे, का ऐकलेलं आहे?" हा त्यांचा आवडता प्रश्न. तो ते कुणालाही विचारत. संत्र्यावर फवारायचं औषध सांगायला आलेल्या साहेबाला विचारत, प्रवचनाला आलेल्या महाराजांनाही विचारत. देव आहे का, असं मी एकदा त्यांना मुद्दाम चारचौघांत विचारलं. म्हटलं, हो म्हणाले तरी सापडतील आणि नाही म्हणाले तरी. ते म्हणाले, "मले अजून समजून नाही राहिलं. तुम्हाले समजलं असन तर सांगा, पण तुमचं सांगा." मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मला माझ्या गाण्याच्या गुरूंची, आमच्या बुवांची, चार वाक्यं पाठ होती, ती मी गिळली.

एका हिवाळ्यात मोबाइलवर निरोप फिरत होता की संध्याकाळनंतर संत्रं खाल्लं की सर्दी होतेच. संत्र्यांवर जगणाऱ्या गावात निम्मे लोक संत्र्याला घाबरू लागले. अपक्षांनी जाहीर केलं की आपण रोज रात्रीच्या जेवणानंतर संत्रं खाऊन बघणार, आणि काकूंनाही खायला लावलं. महिनाभरात त्यांना अशी सर्दी झाली की भजनात त्यांच्या शिंका ढोलकीच्या वर ऐकू यायच्या. मला झालेला आनंद मी लपवला नाही. पण त्यांनीही सर्दी लपवली नाही. नाक पुसत सगळ्यांना सांगितलं, "मले झाली. बायकोले नाही झाली. म्हणजे अजून पाहावं लागन." आणि झालं भलतंच. आपल्याविरुद्धची गोष्ट स्वतःच सांगणारा माणूस म्हणून लोक त्यांच्यावर आणखीच विश्वास ठेवू लागले. मी खरं बोललो तरी लोक दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घेत.

हे सगळं मी एक वेळ पचवलं असतं. पण गाण्यात त्यांनी मला जिव्हारी लागेल असं बोलून ठेवलं होतं. माझं गाणं आमच्या बुवांकडून आलेलं. तीच आलापी, तोच खर्ज, तोच शेवटी हात वर नेणं. बुवा गेल्यावर मी गायला लागलो की म्हातारे डोळे पुसत म्हणायचे, "हुबेहूब बुवा." याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नव्हती. एका मंगळवारी माझा अभंग खूप रंगला. आरतीनंतर अपक्ष चपला घालता घालता म्हणाले, "बुवा मस्त गायले आज. तुमचं कधी ऐकाले मिळन, बाबूजी?" त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी देवासाठी गायचं सोडलं. खांबाला टेकलेल्या त्या माणसाच्या तोंडून एक 'वा' निघावा, एवढ्यासाठी गाऊ लागलो.

तो 'वा' निघाला, पण माझ्या घरात आणि माझ्यासाठी नाही. ते एकदा सकाळी कसल्याशा कामाला आले होते. सुमन आत तूर निवडत गुणगुणत होती. अपक्ष बोलता बोलता थांबले, मान डावीकडे झुकली, डोळे मिटले. "वा," ते हळूच म्हणाले. मग आत वाकून विचारलं, "वहिनी, हे चाल कोणाची?" सुमन लाजून म्हणाली, "कोणाचीच नाही भाऊजी. अशीच." तिचं माहेर रामाकोना गावचं. तिथून ती इथे आली तेव्हापासून ती माझ्या घरात राहते, आणि ती गुणगुणते हे मला दुसऱ्या माणसानं दाखवावं लागलं. त्यानंतर मी दाराआड उभा राहून कान देऊ लागलो. माझी चाहूल लागली की ती गप्प व्हायची. कुणाचा जास्त हेवा करावा, तिचा की त्यांचा, हे मला ठरवता येईना.

अखेर एकदा मी चिडून विचारलं, "भाऊ, माझं गाणं आवडत नाही तर दर मंगळवारी येता कायले?" ते म्हणाले, "तुमचं गाणं मी कुठी ऐकलं अजून? त्याचीच तं वाट पाहून राहिलो."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. काकूंनी तेराव्या दिवसाची तेरवी केली नाही. म्हणाल्या, "मंगळवारचं भजन आमच्या अंगणात करा, तेवढं त्याईले आवडलं असतं."

त्या मंगळवारी मी घरून ठरवून गेलो होतो की आज आपलं गायचं. चांगलं होवो, वाईट होवो, आपलं. अंगणात भिंतीजवळची त्यांची जागा लोकांनी आपोआप रिकामी सोडली होती. मी तिकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि बुवा बाहेर आले. तीच आलापी, तोच खर्ज. दुसरं कडवं मला घेताच आलं नाही. मी थांबलो, तसे टाळही थांबले.

तेव्हा काकू सुमनला म्हणाल्या, "बाई, तुह्यं गुणगुणणं त्याईनं एकदा ऐकलं होतं म्हणे. घरी येऊन सांगत होते. मलेही ऐकू दे." सुमननं माझ्याकडे पाहिलं नाही. विचारलंही नाही. पदर सारखा केला आणि सुरू केलं. शब्द नव्हतेच, नुसती चाल. कुणालाच मागे धरता येईना, म्हणून सगळे ऐकत बसले. मी टाळ खाली ठेवले. केव्हा कोण जाणे, माझे हात मांडीवर गेले, डोळे मिटले, आणि माझ्या तोंडून हळूच निघालं, "वा."

आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं बाहेर आलं, असं मला वाटलं. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडेच बघत होते. माझी मान डावीकडे झुकलेली होती. शेजारचा ढोलकीवाला डोळे पुसत म्हणाला, "हुबेहूब अपक्ष."