टाकीवरचा बिल्ला

मंडळी, आज आमच्या अण्णांच्या जुन्या मोटारसायकलवरून राधानगरीला गेलतो. परतताना बघतोय तर टाकीवरचा पितळी बिल्ला गायब! त्याचे स्क्रू ढिले झालेत हे मला महिनाभर ठाऊक होतं.

तसाच मागं फिरलो. रस्त्याकडेच्या गवतात हुडकताना एक शेतकरी थांबला. "काय हरवलंय, पावणं?" सांगितल्यावर तोही तासभर माझ्यासंगं वाकून शोधत होता. न्हाय सापडला.

अण्णांना आता दिसत न्हाय. गाडी दारात आली की ते टाकीवरनं हात फिरवतात. आज त्यांची बोटं दोन रिकाम्या भोकांवर थांबली.

"पडला व्हय?"

"व्हय, अण्णा."

ते आत गेले.

तसला बिल्ला कुठं मिळंल का? आणि नवा बसवला, तर त्यांच्या बोटांना कळणार न्हाय का?