गाठींचा दोर

सन तीसच्या आसपास मी वेड्यांच्या इस्पितळात कारकून होतो. प्रत्येक रोग्याची रोजची हालत नोंदवहीत लिहायची, हे माझं काम. मी आळशी, बहुतेकांपुढे नुसतं 'पूर्ववत' लिहून मोकळा व्हायचो.

ही खोड दाभोळकडच्या एका खारव्याने, होडीवरच्या खलाशाने, मोडली. त्याचं नाव मी रोज लिहीत होतो, तरी आज आठवत नाही. हात मात्र आठवतात. आला त्या दिवशी तो ढसाढसा रडला, म्हणून मी 'रडतो' लिहिलं आणि पुढे रोज 'पूर्ववत'. तो व्हरांड्यात बसून काथ्याचा दोर वळायचा, अंगठ्याने पीळ चाचपायचा. कोणी गंमत केली की खळखळून हसायचा आणि लगेच दोराला गाठ मारायचा. मला वाटे, हाच त्याचा आजार.

त्याला घरी सोडायचं का, हे ठरवायला डॉक्टरांनी त्याला समोर बोलावलं आणि माझी वही मागवली.

"तीन महिने हा रोज रडतोय?"

खारव्याने दोर टेबलावर ठेवला.

"सायबानू, वहीत माजं रडणं हाय. हसलो का दर खेपेला मी गाठ मारली. मोजा बगू."

डॉक्टर मोजू लागले. गाठी संपेनात, तसे तेच हसू लागले. त्यांनी स्वतःच्या हाताने 'बरा झाला' लिहिलं. खारव्याने दोर ओढून आणखी एक गाठ मारली.

मी म्हटलं, "हा दोर वहीबरोबर दप्तरात ठेवू या."

"वा भाऊसायब! मग मी होडी कशानं बांदू?"