गलालबेनचं नाक

कारखान्याच्या खळ्यात तंबाखू चाळणाऱ्या बायकांची नाकं लवकर मरतात. गुलाब आणि घासलेट समोर ठेवलं तर मला फरक सांगता येणार नाही. गलालबेनचं नाक मात्र शाबूत होतं. एक तंबाखू सोडली तर तिला सगळ्याचा वास यायचा, आणि ते नाक ती जिथेतिथे खुपसायची.

दुकानातलं तेल आधी हुंगणार, मग पिशवीत टाकणार. शेजारणीने वाटीभर कढी पाठवली तर वाटी नाकाशी नेऊन विचारणार, "आज एवढं प्रेम का बरं उतू चाललंय?" देवळातल्या प्रसादालाही तिने कधी सूट दिली नाही. माझी, म्हणजे जशीची, चाळणी तिच्या शेजारी. दुपारी माझ्या डब्यातला रोटलासुद्धा ती तपासूनच मोडायची. मला राग यायचा. पण तिला हसणाऱ्यांचा जास्त राग यायचा, कारण दुधाने तोंड कसं पोळलं होतं ते मला ठाऊक होतं.

तिची पहिली मुलगी मंजू. तिला सासू सांभाळायची, पुरीबा. गुजरातेतल्या आमच्या चरोतरात तेव्हा मूल निजवायला बाळागोळी देत, आणि तिच्यात अफू असे. आई दिवसभर खळ्यात, म्हातारीच्या मागे घरकाम, मग पोराने रडून कसं चालेल? एका संध्याकाळी गलाल खळ्यातून धावत घरी आली आणि झोपलेल्या पोरीला उठवून तशीच पदराखाली छातीशी धरली. थोड्या वेळाने पोर ओकायला लागली, पांढरीफटक पडली. दवाखाना गाठायच्या आत गेली. चुलीमागच्या कोनाड्यात गोळ्यांची डबी होती. गलालने ती सगळ्या वस्तीसमोर आपटली. "ही बघा माझ्या पोरीची मारेकरीण!" पुरीबा काहीतरी सांगत होती, पण त्या आकांतात तिचं ऐकतो कोण? त्या दिवसापासून एका छपराखाली दोन चुली झाल्या. सासू-सुनेचं बोलणं संपलं ते संपलंच.

बऱ्याच वर्षांनी हरखो झाला. आता त्याला ठेवायचं कुठे? नवरा ट्रॅक्टरवर, सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. नणंद सांभाळायला तयार होती, तर गलाल म्हणाली, "तिची नजर वाईट आहे." अंगणवाडी दुपारीच बंद व्हायची, आणि तिथल्या सुखडीच्या वड्यांतलं तूप कुणाच्या घरी जातं याबद्दल गलालचं स्वतंत्र मत होतं. सासूचं तर नाव काढायची सोय नव्हती. शेवटी तिने खळ्यातल्या लिंबालाच झोळी बांधली. धुळीने पोर दिवसभर खोकायचं. मुकादम ओरडायचा, "हे कारखान्याचं आवार आहे की बाळंतिणीची खोली? उद्यापासून पोर तरी घरी, नाहीतर तू तरी." एकट्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर घर भागणारं नव्हतं. काम सोडणं तिला परवडणार नव्हतं आणि पोर कुणाच्या हाती देणं जमणार नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या मंडळाने पाळणाघर काढलं. सांभाळायला डाहीबेन, वरच्या गल्लीतली पटेलांची विधवा. आम्ही गावाबाहेरच्या वस्तीतल्या.

"पटेलीण आमच्या पोरांचं शी-शू काढणार?" गलाल म्हणाली. "जशी, यात काहीतरी आहे बघ."

"काही नाही गं, एकटी बाई आहे. तिचाही वेळ जातो."

"वेळ घालवायला देऊळ काय ओस पडलंय?"

पण मुकादमाने झोळीची दोरी कापली, तेव्हा झक मारत गेली. पहिल्याच दुपारी दूध पाजायला आम्ही दोघी पोचलो, तर डाहीबेन दारात आडवी उभी.

"आधी नळावर हात धू, कोपरापर्यंत. आणि साडी बदल. आत खुंटीवर धुतलेली आहे."

"का? आमचा विटाळ होतो?"

"तुमचा नाही, तंबाखूचा."

"नऊ महिने पोटात वागवला तेव्हा कुठे धुतलं होतं ते?"

डाहीबेन हलली नाही. आत हरखोने आवाज ओळखून रडायला सुरुवात केली होती. गलालने नळाला नुसते हात दाखवल्यासारखं केलं. डाहीबेनने साबण पुढे केला. परतताना गलाल वाटभर धुमसत होती. "ऐकलंस ना? तोंडाने तंबाखू म्हणते. मनात काय आहे ते मी ओळखून आहे." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आमच्या पाण्याच्या घागरी वेगळ्या भरलेल्या मी पाहिल्या आहेत.

हरखोचा खोकला थांबला. पोर बाळसं धरायला लागलं, दुपारी छान झोपायला लागलं. दुसरी आई असती तर नारळ फोडला असता. गलाल रोज संध्याकाळी त्याचं तोंड उघडून हुंगायची. "एवढी झोप बरी नव्हे, जशी. मंजूही अशीच झोपायची."

मग एका दुपारी ती वेळेआधी गेली आणि मागच्या खिडकीतून डोकावली. डाहीबेन हरखोला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात बोट फिरवत होती. गलालने जी किंकाळी फोडली ती खळ्यापर्यंत आली.

"काय घातलंस? बोल, काय घातलंस तोंडात?"

"अगं, दात येताहेत त्याला. हिरड्या चोळतेय." डाहीबेनने बोट पुढे केलं. "घे, हुंगून बघ."

गलालने हुंगलं. वास आला नाही, तर तिचा संशय आणखी पक्का झाला. "धुऊन घेतलंस! अफू धुऊन घेतलीस!"

अफू म्हटल्यावर कुठली आई थांबते? आठवडाभरात पाळणाघर रिकामं झालं. मीही माझी नात उचलून आणली. डाहीबेन दारात बसून इवल्या इवल्या चादरींच्या घड्या घालायची आणि आम्ही त्या रस्त्याने मान वळवून जायचो.

गलालने पोत्यांच्या थप्पीमागे, मुकादमाला दिसणार नाही अशी झोळी बांधली. आता ना नळ, ना साबण, ना खुंटीवरची साडी. एकदा धूळ बसावी म्हणून ढिगावर पाणी शिंपलं होतं. ओली भुकटी सगळ्यांच्या साड्यांना चिकटली होती. गलालने पोराला पाजलं आणि दृष्ट लागू नये म्हणून नेहमीसारखा पदरात गुंडाळून बराच वेळ मांडीवर ठेवला. हिरड्या शिवशिवत होत्या, पोर पदर चघळत पडलं. मग ते भडाभडा ओकलं. अंगाला घाम, ओठ पांढरे, मान लुळी.

गलालने सगळ्यात आधी माझे हात धरून हुंगले. ते मी अजून विसरलेले नाही.

टेंपोतून तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती एकच घोकत होती, "कुणी दिली? अफू कुणी दिली?" डॉक्टरीणबाईंनी पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "अफूचं लक्षण नाही हे." मग त्यांचं लक्ष हरखोच्या मुठीकडे गेलं. पदराचं टोक अजून त्याने सोडलं नव्हतं. लाळेने भिजून काळपट झालेलं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि झटकन तोंड फिरवलं.

"केवढी तंबाखू आहे ही! हे चघळत होता?"

गलालने तेच टोक नाकाशी धरलं. खूप वेळ हुंगलं.

"मला तर काहीच वास येत नाही," ती म्हणाली.

नर्सने टोक वाटीभर पाण्यात पिळलं. पाणी चहासारखं झालं. "इवलासा जीव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला एवढंही पुरतं." सलाईन लागलं. रात्र काढून सकाळी पोराने डोळे उघडले आणि भूक म्हणून भोकाड पसरलं.

पुढे गलाल डाहीबेनच्या दारात गेली, नळाखाली हात धरून उभी राहिली, आणि तिच्यामागून आम्ही सगळ्या गेलो. पण त्याआधीचं सांगायचं आहे. दवाखान्यातून घरी येताना टेंपोत तिने मला विचारलं, "जशी, मंजू गेली त्या दिवशी मी कुठली साडी नेसले होते?"

"मला काय आठवतंय?" मी म्हटलं. पण खळ्यातून धावत गेलेली बाई तंबाखूने भरलेल्या साडीशिवाय दुसरी कुठली नेसणार?

पुरीबा आपल्या चुलीशी भाकरी थापत होती. गलाल पोराला घेऊन तिच्या समोर उभी राहिली. "बा."

म्हातारीचे हात थांबले.

"त्या दिवशी मंजूला गोळी दिली होती?"

"रोज द्यायचे, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी आपली आपणच झोपली होती ती, म्हणून नव्हती दिली." पुरीबाने वर पाहिलं नाही. "तेच सांगत होते तेव्हा."

आता गलाल देवाची शपथ घालणार, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावणार, असं मला वाटलं. पण तिने खाली वाकून हरखोला म्हातारीकडे पुढे केलं.

पुरीबाने पटकन पिठाचे हात मागे घेतले. मग हळूच तेच दोन्ही हात गलालच्या नाकासमोर धरले. "आधी हुंगून घे, बाई."

"नको बा," गलाल म्हणाली. "मला वास येत नाही."

आणि पोर म्हातारीच्या मांडीवर ठेवून ती हात धुवायला बाहेर गेली.