दाऊद सरांच्या शेजारची जागा

राहात्याच्या आमच्या चर्चमध्ये रूथबाई पाटोळ्यांना न घाबरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की बाई पहिल्या बाकावर चष्मा काढून पदराने पुसायला घेतात आणि पाळकसाहेब लगेच आवरतं घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी आवाज अजून अख्ख्या वर्गाला पुरेल एवढा आहे.

बाईंच्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या. पहिली, नेपाळ. तरुणपणी त्यांना मिशनतर्फे नेपाळच्या डोंगरात शिकवायला जायचं होतं. वडील म्हणाले, आधी लग्न कर, मग काय ते कर. लग्न दाऊद सरांशी झालं. पुढे मुलं झाली, बदल्या झाल्या, कधी नेवासा तर कधी राजूर, आणि नेपाळ राहून गेलं. त्याची भरपाई म्हणून बाईंनी महिला मंडळात जगप्रार्थना सुरू केली. भिंतीवर जगाचा नकाशा लावला. दर शुक्रवारी एक देश घ्यायचा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. गाण्यांना पेटी वाजवायला म्हणून त्या बायकांत मी एकटा पुरुष असायचो. बाकीच्या देशांची पाळी वर्षा-दोन वर्षांनी येई, नेपाळची मात्र दर महिन्याला. त्यावर कुणी काही बोलत नसे. बोलणार कोण?

दुसरी गोष्ट म्हणजे कब्रस्तानातली जागा. आमचं कब्रस्तान जुनं, एके काळी गावाबाहेर होतं. आता चहूबाजूंनी इमारती उठल्यात आणि आत पाय ठेवायला ठाव नाही. दाऊद सर गेले तेव्हा बाईंनी त्यांच्या शेजारची जागा कमिटीकडून स्वतःसाठी राखून घेतली. तिला विटांची कड केली, आत सदाफुली लावली. ईस्टरच्या आधी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी झाडून चुना लावतात. बाई सरांच्या कबरीला चुना लावून झाला की शेजारच्या रिकाम्या जागेच्या विटांनाही लावायच्या. वीट इकडची तिकडे दिसली की चौकशी सुरू. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, पण बाईंइतकं बांधाला कुणी जपत नसेल. शिवाय सभासदाशिवाय कुणालाही इथे पुरायचं नाही हा ठरावही त्यांनीच मांडून पास करून घेतला होता.

अशात चर्चच्या फाटकाशी एक हातगाडी उभी राहू लागली. लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली, तशा गाड्या राहात्यात चौकाचौकात आहेत. चालवणारी बाई ठेंगणी, गोरी, कमी बोलणारी. सगळं गाव तिला चायनीजवाली म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. शुक्रवारी नेमकी प्रार्थनेच्या वेळी तिची कढई तापायची आणि कोबी-लसणाचा वास खिडकीतून आत यायचा. एकदा बाई उठून बाहेर गेल्या.

"इथं प्रार्थना चालते," त्या म्हणाल्या. "तुझा धूर आमच्या आधी देवापाशी पोचतो. गाडी हलव."

तिने गाडी रस्त्यापलीकडे नेली. पुढच्या शुक्रवारी नेपाळची पाळी होती. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि दर महिन्याप्रमाणे हिमालयाच्या कुशीत अंधारात बसलेल्या, ज्यांच्यापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही अशा लोकांसाठी त्यांनी मागणं मागितलं. प्रार्थना संपली. "आमेन" आमच्या तोंडून निघाला, तसाच दारातूनही आला. चायनीजवाली उभी होती. हाताला मैदा लागलेला.

"मी नेपाळची," ती म्हणाली. "नाव ऐकलं म्हणून आले. बिमला तामांग."

मला तेव्हा बाईंच्या तोंडाकडे बघवलं नाही. बिमलाच्या मनात मात्र काही नव्हतं. ती नकाशापाशी गेली, पण तिचं गाव त्यात नव्हतं.

"आमच्या गावात लाइट आहे, आंटी," ती म्हणाली. "चर्चपण आहे. मी लहान होते तेव्हापासून. तिथं पण असंच करतात, देशाचं नाव घेऊन. इंडियासाठी तर नेहमी."

"आमच्यासाठी?" बाईंनी विचारलं.

"हो. इंडियात लोक खूप, चर्च कमी, म्हणून."

महिला मंडळात हसू फुटलं, बाईंनी वळून बघितलं तसं ते विरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे वाक्य त्या दिवशी प्रत्येकीच्या जिभेवर होतं, पण कुणी म्हटलं नाही. बाईंनी माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. संध्याकाळी मात्र त्या रस्ता ओलांडून गेल्या आणि दोघींनी मिळून गाडी पुन्हा फाटकाशी ढकलत आणली, ती साऱ्या राहात्याने पाहिली.

पुढच्या रविवारपासून बिमला नवऱ्याला घेऊन येऊ लागली. सुकमान शिर्डीच्या एका हॉटेलात आचारी होता, हसरा माणूस. त्यांची मुलगी गावी आजीपाशी शाळेत होती. दोघं मागच्या बाकावर बसले तर बाईंनी त्यांना पुढे आणून बसवलं. सुकमान ढोलकी बरी वाजवायचा. शुक्रवारी बाई बिमलाकडून नेपाळी शिकायला लागल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी उच्चारावरून टोकलं. त्यांना ते आवडत असावं. फक्त सभासद म्हणून नाव लावून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि आम्हालाही नाही.

फेब्रुवारीत सुकमान हॉटेलच्या स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. एवढ्या लांब गावी नेणं बिमलाच्या आवाक्यातलं नव्हतं. हॉटेलमालक भला, म्हणाला, इथेच दहन करू, सगळं मी बघतो. बिमला तयार होईना.

"आम्ही पुरतो," ती एवढंच म्हणत राहिली. "मला जाऊन बसता आलं पाहिजे त्याच्यापाशी."

कमिटी चर्चच्या ऑफिसात बसली. मीही तिच्यात होतो. बिमला बाहेर पायरीवर होती. अध्यक्ष काकासाहेब त्रिभुवन, माणूस वाईट नाही, पण नियमाचा पक्का.

"जागा न्हाई वो," ते म्हणाले. "आपल्याच लोकान्ला पुरंना. आज एकाला दिली, उद्या दुसरा यील. न्हाई कसं म्हनायचं? आन् बाई, ठराव तुमीच केलाय."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसल्या. पाळकसाहेबांनी कोपरगावच्या कब्रस्तानात विचारून बघतो म्हटलं. तेवढ्यात बाई उठून बाहेर पडल्या आणि थेट कब्रस्तानाकडे निघाल्या. त्यांना एकटं सोडायला नको म्हणून मी मागोमाग गेलो.

सरांच्या कबरीपाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. या बाईला मी कायम घाबरत आलो, पण त्या घटकेला मला त्यांची दया आली. इतकी वर्षं जपलेली एवढीशी जमीन, तीही नवऱ्याच्या कुशीची. मग त्या खाली बसल्या आणि विटा उपटायला लागल्या. वर्षानुवर्षांच्या चुन्याने विटा घट्ट बसल्या होत्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "तू राहू दे. जा, काकासाहेबाला बोलवून आण."

काकासाहेब आले. बाईंचे हात पांढरे झाले होते.

"ठराव तसाच राहू दे," बाई म्हणाल्या. "ही जागा माझ्या नावची हाय. हितं कोन निजायचं ते मी सांगनार."

रागावल्या की बाईंची पुस्तकी भाषा गळून पडते. काकासाहेब उपटलेल्या विटा बघून स्वतःच कुदळ आणायला गेले. दुपारी सुकमानला दाऊद सरांच्या शेजारी ठेवलं. बाईंनी नेपाळीत एक गीत म्हटलं. उच्चार चुकले असतील, पण बिमलाने त्या दिवशी टोकलं नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी मी आईच्या कबरीला चुना लावायला गेलो होतो. पलीकडे त्या दोघी एकाच बादलीत कुंचले बुडवत होत्या. बिमला सरांची कबर रंगवत होती आणि बाई सुकमानची. सदाफुली बाईंनी तिथेच परत लावली होती. रंगवता रंगवता बिमला थांबली.

"आमा," तिने विचारलं. नेपाळीत आईला तसं म्हणतात. "आता तुम्हाला कुठं ठेवायचं?"

बाईंनी कुंचला बादलीच्या काठावर निथळू दिला.

"तुझ्या गावी ने," त्या म्हणाल्या. "जायचं राहूनच गेलंय."