कडं असलेला पाय

आमची धाकटी एकतीस वर्षांची आहे आणि गेली चार वर्षं पक्ष्यांचे पाय बघते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, तर मी सांगते, अभयारण्यात फोटो काढते. ऐकायला बरं वाटतं. खरं काम असं, की करकोच्याची पिल्लं घरट्यात असतानाच त्यांच्या पायात आकडा कोरलेलं कडं घालायचं, आणि पुढं कधी ती परत आली की लांबून त्या आकड्याचा फोटो काढायचा. तिनं साठ पिल्लांना कडी घातली. परत एकही आलं नाही. या हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत एक तरी आकडा नोंदवला नाही, तर अभ्यास बंद आणि तिची नोकरीही बंद.

शेवटच्या आठवड्यात कडं घातलेला एक करकोचा तळ्यावर उतरला. "पण आकडा दाखवत नाही मेला," ती फोनवर म्हणाली. आवाज असा होता की मी डबा भरला आणि मिळेल त्या गाडीनं तिच्या खोलीवर गेले. खोलीत एक खाट, कॅमेऱ्याच्या तीन पिशव्या, खिडकीच्या गजांवर चिखलाचे मोजे.

"तू येऊन काय करणार?"

"बसेन."

"बोलायचं नाही, खोकायचं नाही. आणि आई, पिशवी चुरचुरवायची नाही."

शेवटच्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही पाण्याकाठच्या लाकडी खोपीत जाऊन बसलो. समोरच्या भिंतीला कॅमेऱ्याचं नळकांडं बाहेर जाईल एवढीच फट. करकोचा साठेक पावलांवर एका पायावर उभा होता. कडं नसलेल्या. दुसरा पाय त्यानं पोटाच्या पिसांत असा घेतला होता, की जणू त्याला तो एकच दिलेला आहे.

"बदलेल आता," ती पुटपुटली.

आठ वाजले, नऊ वाजले. बदलला नाही. बाकी सगळं रान मात्र हजर. एक खंड्या फटीपासून हातभर अंतरावर मासा आपटत बसला. हरणी पाडसाला घेऊन पाण्यावर आली. एक मुंगूस दारात दोन पायांवर उभं राहून आम्हाला न्याहाळून गेलं. ज्यांचे फोटो नको होते ते सगळे स्टुडिओत आल्यासारखे.

"ते पाडस तरी काढ," मी कुजबुजले.

"पाडसाला आकडा आहे का?"



अकराच्या सुमाराला करकोच्यानं पाय खाली सोडला. नेमकी हरणी मध्ये. ती सरकेपर्यंत तो चार पावलं चालून दाट गवतात शिरला, थांबला, आणि तोच पाय पुन्हा वर घेतला. धाकटीनं कपाळ लाकडावर टेकवलं.

"मुद्दाम करतो हा."

"तुझ्या बाबांवर गेलाय."

ती हसली नाही. सकाळपासून तिनं घोटभर पाणी घेतलं नव्हतं, मधेच बाहेर जाता येत नाही म्हणून. मानेवर उन्हानं चट्टा पडला होता. मला पुढचा महिना दिसायला लागला. खोली सोडलेली, आमच्या बाहेरच्या खोलीत ही अर्ज भरत बसलेली, आणि शेजारणी विचारतायत, सध्या घरीच का?

दुपार सरली तरी करकोचा तसाच. साडेपाचला कचेरी बंद होणार होती.

"उडाला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "उडताना पाय मागे लांब होतात. आकडा स्वच्छ दिसतो."

पाचला पाच मिनिटं कमी होती. मी टाळी वाजवली.

करकोचा उठला, पाय लांबले, कॅमेरा कडकडला. तिनं पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. "सतरा," ती म्हणाली. "पहिल्या वर्षीचा. माझ्या अंगठ्याला चावला होता हा." मग माझ्याकडे वळली. "आई, टाळी वाजवलीस तू."

कचेरीत नोंदीचा कागद भरायचा होता. त्यात एक रकाना होता: पक्षी आपणहून उठला की उठवला? तिचं पेन तिथं थांबलं.

"आपणहून लिही," मी हळूच म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"हा रकाना मीच घालायला लावलाय. फोटोसाठी लोक दगड मारायचे. उठवलेल्या पक्ष्याची नोंद धरत नाहीत आता."

"मग आधी सांगायचं ना."

"खोकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. टाळी माझ्या डोक्यातच आली नाही."

तिनं 'उठवला' लिहिलं. पुढं, कोणी? 'निरीक्षकाची आई.' तिच्या वरिष्ठ बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला. "सुरेख आलाय," म्हणाल्या, आणि कागद दुसऱ्याच फाइलमध्ये ठेवला. "मी वर लिहून बघते. पण धरतील असं मला वाटत नाही."

खोलीवर येऊन ती गजांवरचे मोजे काढून पिशवीत भरायला लागली. मी म्हटलं, "ओरड तरी माझ्यावर."

"ओरडून काय होणार? सतरा जिवंत आहे पण."

"आणि तुझं काय?"

"माझं बघू," ती म्हणाली, आणि दुसरी पिशवी ओढली.